नव्या गृहप्रकल्पासाठी मैलापाण्याचं पंपिंग स्टेशन: लेव्हल घेण्यापासून ताबा घेण्यापर्यंत

वाघोली, सूस, पिसोळी ही गावं २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. इमारती मात्र त्याआधीच उभ्या राहत होत्या आणि ड्रेनेजची मुख्य लाईन त्यांच्यामागून तुकड्यातुकड्यानं येते आहे. अशा भागात प्लॉट रस्त्यापेक्षा खाली असला, किंवा लाईन चढावर असली, की मैलापाणी पंपानं वर ढकलावं लागतं. प्रकल्पाच्या माहितीपत्रकात क्लब हाऊसला दोन पानं मिळतात. ड्रेनेज पंपाचं त्यात नावही नसतं. पण तो पंप सणाच्या दिवशी सकाळी बंद पडला, तर तळमजल्यावरच्या बाथरूमच्या जाळीतून जे वर येतं ते घरातली माणसं आयुष्यभर विसरत नाहीत.

हा लेख साइटवरच्या इंजिनिअरसाठी आहे, आणि ज्यांच्या हातात पुढं त्या पंपाची किल्ली येणार आहे त्या सोसायटीच्या कमिटीसाठीही. एक अट मी पहिल्या ओळीपासून धरून चाललो आहे: हे स्टेशन असं बांधायचं, की ते सुरू झाल्यावर कुणाही माणसाला त्याच्या विहिरीत, म्हणजे मैलापाणी साठतं आणि पंप बसतात त्या खोल टाकीत, उतरावं लागू नये. पंप कुठला, झाकण केवढं, वाल्व्ह कुठे, हे सगळं या एका अटीतून ठरतं.

आधी लेव्हल, मग पंप

पंपाचं कोटेशन मागवण्याआधी ऑटो लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) घेऊन दोन आकडे काढा. एक, तुमच्या सर्वांत खालच्या चेंबरचा इन्व्हर्ट, म्हणजे पाइपच्या आतल्या तळाची पातळी. दोन, महापालिकेच्या ज्या मॅनहोलमध्ये पाणी सोडायचं आहे त्याचा इन्व्हर्ट. दोन्ही एकाच बेंचमार्कवरून, म्हणजे एकाच ठरलेल्या खुणेवरून, घ्या. नकाशावरच्या लेव्हलवर विसंबू नका. मॅनहोलचं झाकण उघडून स्टाफ, म्हणजे मापाची उंच पट्टी, तळाला टेकवा. (स्टाफ वरूनच खाली सोडायचा, आत उतरायचं नाही.)

१५० मिमीच्या पाइपला १:१०० चा उतार धरला, तर २०० मीटरला २ मीटर पातळी खर्च होते. तेवढी मिळत असेल तर पंप नको. अगदी मीटर-दीड मीटर जास्त खोदून काम भागत असेल, तरी खोदाच. उतारावरच्या लाईनला वीजबिल नसतं आणि ती रात्री दोन वाजता बंद पडत नाही.

बऱ्याच ठिकाणी अख्ख्या प्रकल्पाचं पाणी एकाच खड्ड्यात आणलं जातं, कारण ड्रॉइंग सोपं होतं. प्लॉटला उतार असेल तर वरच्या बाजूच्या इमारती आपापल्या उतारानं रस्त्यावरच्या लाईनला जातात. त्या वेगळ्या काढा आणि ज्यांना दुसरा इलाजच नाही तेवढ्याच पंपावर घ्या. पंप लहान होतो, आणि तो बिघडला तर निम्म्या लोकांना झळ पोचत नाही.

मुख्य लाईन अजून आलीच नसेल, तर पाणी प्रकल्पाच्या स्वतःच्या एसटीपीकडे, म्हणजे मैलापाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पाकडे, जाईल. २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकामाला २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते, शिवाय महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती. पंपाचा हिशेब मात्र दोन्हीकडे सारखाच.

हिशेब: २४० फ्लॅटचं उदाहरण

फ्लॅट २४०, घरटी ५ माणसं, म्हणजे १,२०० माणसं. माणशी रोज १३५ लिटर पाणी आणि त्यातलं ८० टक्के ड्रेनेजमध्ये येतं असं धरायची रीत आहे. होतात १,२९,६०० लिटर रोज, म्हणजे सरासरी सेकंदाला १.५ लिटर. पण माणसं सरासरीनं अंघोळ करत नाहीत. सकाळी सहा ते नऊ सगळं एकदम येतं. केंद्राच्या सीपीएचईईओ या पाणी-ड्रेनेजच्या तांत्रिक संस्थेच्या मॅन्युअलमध्ये २० हजारांपर्यंतच्या लोकसंख्येला ३ पट पीक फॅक्टर आहे, म्हणजे गर्दीच्या वेळी सरासरीच्या तिप्पट पाणी धरायचं. तो धरला की सेकंदाला ४.५ लिटर.

आता ४.५ लिटरचा पंप घ्यायचा का? इथेच गल्लत होते. पंपापासून मॅनहोलपर्यंतच्या दाबाच्या लाईनला, म्हणजे रायझिंग मेनला, सेकंदाला निदान ०.८ मीटर वेग लागतो. त्याखाली वाळू आणि घाण तळाला बसते. मैलापाण्यासाठी १०० मिमीपेक्षा बारीक पाइप मी घालत नाही, आणि १०० मिमीच्या पाइपमध्ये ०.८ मीटर वेग मिळवायला ६.३ लिटर वाहावे लागतात. म्हणून पंप ६.५ लिटरचा. इथे पंपाचा आकडा माणसांनी ठरवलेला नाही, पाइपनं ठरवलेला आहे. लहान प्रकल्पात हे नेहमी होतं. ‘सेफ्टीसाठी’ १५० मिमीचा पाइप घातला, तर त्याच पंपावर वेग निम्म्याच्याही खाली जातो आणि वर्षभरात लाईन आतून भरत येते.

आता हेड काढू, म्हणजे पंपाला पाणी एकूण किती मीटर उंच ढकलण्याएवढा जोर लागतो ते. विहिरीतल्या पंप बंद होण्याच्या पातळीपासून सोडायच्या मॅनहोलपर्यंत ९ मीटर चढ, लाईन ३५० मीटर. पाइपमधलं घर्षण सुमारे ३.५ मीटर, बेंड-वाल्व्हचं दीड मीटर. एकूण १४ मीटर. मैलापाण्याच्या पंपाची कार्यक्षमता ४० टक्के धरली तर शाफ्टवर सुमारे २.२ किलोवॉट, म्हणजे काठोकाठ ३ एचपी लागतो. काठोकाठ मोटर घेऊ नका, ५ एचपी घ्या. आणि विक्रेत्याकडून त्या मॉडेलचा कर्व्ह, म्हणजे किती उंचीला किती पाणी देतो त्याचा आलेख, मागा. १४ मीटरला ६.५ लिटर हा बिंदू कर्व्हच्या मधल्या भागात पडायला हवा. कर्व्ह न देता ‘साहेब, हा चालतो सगळीकडे’ म्हणणाऱ्याकडून पंप घेऊ नका.

विहीर

विहीर मोठी तेवढी चांगली, हा समज चुकीचा आहे. मोठ्या विहिरीत पाणी तासन्‌तास पडून राहतं, सडतं आणि हायड्रोजन सल्फाइड सुटतो. पंप चालू आणि बंद होण्याच्या पातळ्यांमधला साठा असा काढतात: पंपाचा प्रवाह गुणिले दोन स्टार्टमधला कमीत कमी वेळ, भागिले ४. तासाला जास्तीत जास्त ६ स्टार्ट धरले तर १० मिनिटं, म्हणजे ६०० सेकंद. ६.५ गुणिले ६००, भागिले ४, म्हणजे ९७५ लिटर. फक्त हजारेक लिटर! २ मीटर व्यासाच्या गोल विहिरीत ही जेमतेम ३१ सेंमीची पट्टी आहे.

बाकीची खोली येणाऱ्या पाइपमुळे येते. पाइप ३.२ मीटर खोलीवर येत असेल, तर त्याखाली पंप बुडलेला राहील एवढी जागा, ही पट्टी आणि अलार्मची पातळी धरून विहीर ५ मीटरच्या पुढे जाते. तळ सपाट ठेवू नका. कडेनं ४५ अंशांपेक्षा जास्त तीव्र उतार देऊन सगळी घाण पंपाच्या तोंडाशी येईल असं करा. कोपऱ्यात साचलेला गाळ काढायलाच पुढं माणूस उतरवला जातो.

आता एक गोष्ट, जी काळ्या मातीच्या भागात जीवावर बेतते. रिकामी विहीर तरंगते. आतून २ मीटर, भिंत २० सेंमी, म्हणजे बाहेरून २.४ मीटर. पावसाळ्यात भूजल वर येऊन ५.३ मीटर भाग पाण्याखाली गेला, तर पाणी तिला २४ टनांनी वर ढकलतं. भिंत आणि ३० सेंमीचा तळ मिळून काँक्रीट भरतं साधारण साडेवीस टन. स्लॅब पडायच्या आधी जोराचा पाऊस झाला आणि खड्डा भरला, तर विहीर जागची उचलली जाते, पाइप तुटतात. उपाय सोपा आहे: तळाचा स्लॅब भिंतीबाहेर चहूबाजूंनी ४०-४५ सेंमी काढा, म्हणजे वरची माती तिला दाबून धरते. आणि पाऊस संपेपर्यंत उपशाचा पंप हलवू नका.

येणाऱ्या पाइपच्या तोंडाशी वर ओढून घेता येणारी स्टेनलेस स्टीलची जाळीची टोपली हवी, फट ४० मिमीच्या आसपास. पॅड, डायपर, ओले वाइप्स, फरशी पुसायची फडकी, सगळं तिथे अडलं पाहिजे. टोपली जमिनीवर उभं राहून चेनपुलीनं वर येते की नाही हे झाकण ओतण्याआधी बघा. झाकणाचं तोंड टोपलीपेक्षा लहान ठेवलेलं मी पाहिलं आहे. तिथं टोपली बसवली त्या दिवसानंतर कधीच वर आली नाही.

शिडीच्या लोखंडी पायऱ्या भिंतीत बसवू नका. पायरी दिसली की कुणीतरी उतरतो. झाकणाखाली उघडता येणारी सुरक्षा जाळीही बसवा. गॅससाठी १०० मिमीचा व्हेंट पाइप, खिडक्यांपासून लांब आणि छपराच्या वर नेलेला.

पंप, वाल्व्ह, लाईन

सबमर्सिबल सीवेज पंप दोन, एक चालता आणि एक राखीव, दोघांची पाळी पॅनेलनं आपोआप बदलायची. राखीव पंप गोदामात ठेवला की तो हवा तेव्हा जाम निघतो. व्होर्टेक्स इंपेलर घ्या, म्हणजे भोवरा करून पाणी ढकलणारं चक्र. वीज थोडी जास्त खातो, पण चिंध्या गुंडाळून बसत नाहीत. निदान ६५ मिमीचा गोळा आरपार जायला हवा. कटर पंपाचा मोह टाळा. पाती बोथट झाल्यावर तो साध्या पंपापेक्षा लवकर अडकतो.

पंप दोन गाइड पाइपांवरून खाली सरकतो आणि तळाला पक्क्या बसवलेल्या जोड-बाकावर, म्हणजे डक-फूट बेंडवर, स्वतःच्या वजनानं बसतो. नट-बोल्ट काही नाही. शेवटचे दोन इंच जाताना ‘खट्’ असा आवाज येतो, चेन किंचित सैल पडते. तो आवाज आला नाही तर पंप बसलेला नाही. एका साइटवर पंप फिरत होता, अँपिअर ठीक होते, पण विहीर उतरायला दुप्पट वेळ घेत होती. पंप वर ओढला तर फ्लँजच्या खाचेत शटरिंगच्या फळीचा हातभर तुकडा. निम्मं पाणी त्या फटीतून परत विहिरीतच पडत होतं. ठेकेदारानं विहीर साफ न करता पंप सोडले होते.

चेन, गाइड पाइप, नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचेच. जस्ताचा मुलामा या वाफेत फार टिकत नाही. नॉन-रिटर्न वाल्व्ह (पाणी मागे येऊ न देणारा) बॉल टाइप घ्या, आणि तो व स्लुईस वाल्व्ह (लाईन बंद करायचा) दोन्ही विहिरीबाहेर, वेगळ्या उथळ चेंबरमध्ये. विहिरीत लटकवलेला वाल्व्ह दुरुस्तीच्या वेळी माणूस आत मागतो.

रायझिंग मेन एचडीपीई (जाड प्लास्टिक) किंवा डीआय (डक्टाइल आयर्न, म्हणजे बिडाचा मजबूत प्रकार). जमिनीखाली निदान एक मीटर, वर खुणेची टेप, काटकोनाऐवजी ४५ अंशांचे दोन बेंड, बेंडमागे थ्रस्ट ब्लॉक, म्हणजे दाबाचा धक्का झेलणारा काँक्रीटचा ठोकळा. लाईन मध्येच उंचवट्यावरून जात असेल तर तिथे मैलापाण्याचा एअर वाल्व्ह. बुजवण्याआधी कामाच्या दाबाच्या दीडपट दाबानं टेस्ट घ्या आणि गेजचा फोटो तारखेसह ठेवा. पाणी जिथे पडतं त्या पहिल्या मॅनहोलला आतून आम्लरोधक अस्तर करा. पाइपमध्ये साठलेला वायू तिथे मोकळा होतो, ओल्या भिंतीवर त्याचं सल्फ्युरिक ॲसिड बनतं आणि काँक्रीट खडूसारखं भुसभुशीत होतं.

वीज गेली तर

सरासरी प्रवाहावर २ मीटरच्या विहिरीत एक मीटर पाणी चढायला ३५ मिनिटं लागतात. सकाळच्या गर्दीत १२ मिनिटंसुद्धा लागत नाहीत. त्यामुळे वॉचमन येईल, जनरेटर चालू करेल, या भरवशावर राहता येत नाही. ड्रेनेज पंप लिफ्टच्या बरोबरीनं जनरेटरवर आणि आपोआप बदलणाऱ्या पॅनेलवर असला पाहिजे. खर्च वाचवायला तो जनरेटरच्या यादीतून गुपचूप वगळला जातो. यादी वाचा.

पॅनेल पुराच्या पातळीच्या वर, विहिरीपासून बाजूला. केबलचा जॉइंट विहिरीत नको. केबल ज्या नळीतून जाते त्या कंड्यूटची तोंडं सीलंटनं बंद करा, नाहीतर वायू त्यातून थेट पॅनेलमध्ये चढतो आणि तांबं काळं पडतं. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेल्यावर मोटर बंद करणारा), ड्राय रन (कोरडा पंप थांबवणारा), थर्मल ट्रिप (मोटर तापल्यावर बंद करणारा) आणि सीलमध्ये ओल आल्याची सूचना, एवढं हवंच. पातळीसाठी सेन्सर लावलात तरी अलार्मचा एक साधा फ्लोट, म्हणजे पाणी चढलं की उलटून स्विच चालू करणारा तरंगता गोळा, वेगळा ठेवा, आणि त्याचा भोंगा गेटवर वाजू दे, पंपरूममध्ये नको.

ट्रान्सफॉर्मरचं काम झालं की पंपाची दिशा तपासा. फेज उलटे बसले तर पंप उलटा फिरतो, थोडंफार पाणीही देतो, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही.

पहिली दोन वर्षं

नव्या प्रकल्पाची ही खरी अडचण आहे. स्टेशन २४० घरांचं, पण पहिल्या दिवाळीला राहायला आलेली असतात वीस. वीस घरांचं पाणी सेकंदाला ०.१२५ लिटर. विहिरीतली पट्टी भरायला सव्वादोन तास, आणि ३५० मीटरच्या पाइपमध्ये मावणारे २,७५० लिटर पुढे सरकायला सहा तास. एवढ्या वेळात पाणी काळं पडतं आणि पलीकडच्या मॅनहोलशेजारचे रहिवासी तक्रार घेऊन येतात.

फ्लोटमधलं अंतर तात्पुरतं १५ सेंमीवर आणा. प्रवाह इतका कमी असताना स्टार्टची संख्या वाढण्याची भीती नसते. रोज रात्री एकदा बोअरचं किंवा एसटीपीतून शुद्ध झालेलं तीन हजार लिटर पाणी विहिरीत सोडत पंप हातानं चालवा, म्हणजे अख्खी लाईन बदलली जाते. वस्ती निम्मी झाली की हे थांबवून फ्लोट मूळ जागी न्या. ही तारीख लिहून ठेवा, कारण माणसं बदलतात.

दुसरा त्रास इंटिरिअरच्या कामाचा. टाइल कापल्याचा चिखल, पीओपी, सिमेंटचं पाणी बाथरूमच्या जाळीत ओतलं जातं आणि विहिरीच्या तळाशी घट्ट होतं. विहिरीच्या आधीच्या चेंबरचा तळ ६० सेंमी खोल घेऊन तिथे हा गाळ अडवा, आणि दर पंधरवड्याला सक्शन टँकरनं उपसा.

गच्चीचं पाणी

एक हजार चौरस मीटर गच्चीवर तासाला ५० मिमी पाऊस पडला, तर सेकंदाला सुमारे १४ लिटर पाणी येतं. आपल्या पंपाच्या दुपटीहून जास्त. एक जरी गच्चीचा पाइप चुकून ड्रेनेजला जोडला गेला, तरी जुलैत विहीर भरून वाहणार आणि सगळे पंपाला दोष देणार. एप्रिल-मेमध्ये प्रत्येक गच्चीच्या तोंडात रंगीत पाणी ओता आणि ड्रेनेजचे चेंबर उघडून बघा. पार्किंगमधल्या जाळ्यांचंही तसंच.

कुणी उतरायचं नाही

हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, विहिरीच्या तळाशी बसतो. थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो. १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) पुढे नाकच बधिर होतं आणि वास गेल्यासारखा वाटतो. ‘आता वास नाही, उतरतो’ म्हणणारा माणूस त्या क्षणी सर्वांत मोठ्या धोक्यात असतो. तो कोसळला की त्याला काढायला दुसरा उडी घेतो, मग तिसरा. आपल्याकडच्या अशा कित्येक बातम्यांमध्ये मृतांचा आकडा एकाहून जास्त असतो, तो यामुळे.

हातानं मैला साफ करण्यावर बंदी आणणाऱ्या २०१३ च्या कायद्यानं गटार किंवा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी माणूस उतरवायला बंदी आहे, आणि ती व्यक्ती, संस्था, ठेकेदार सगळ्यांना लागू आहे. पहिल्या गुन्ह्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी हे एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभालीच्या, करारात लिहून घ्यावं: पंप, टोपली आणि फ्लोट वरूनच काढले जातील, गाळ टँकरनं उपसला जाईल, कोणत्याही कारणानं माणूस आत जाणार नाही. आणि वॉचमनला तोंडी सांगावं, त्याच्या भाषेत, झाकणापाशी उभं राहून.

ताबा घेताना

रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामात, कामाच्या दर्जात किंवा सेवासुविधांत दोष निघाला, तर तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे. पण दोष दाखवायला मूळ आकडे हवेत. म्हणून किल्ली घेताना प्रत्यक्ष झालेल्या कामाच्या लेव्हल, पंपाचा कर्व्ह, वायरिंगचा नकाशा, प्रेशर टेस्टचा अहवाल आणि मंडळाची संमती मागा. सुट्या भागांत एक मेकॅनिकल सील आणि दोन फ्लोट.

मग दुपारी, पाणी कमी येतं तेव्हा, ही चाचणी स्वतःसमोर करून घ्या. विहीर चालू होण्याच्या पातळीपर्यंत भरू द्या, येणारा पाइप फुगवायच्या प्लगनं थोडा वेळ बंद करा, वरून सोडलेल्या पट्टीवर पाणी ३० सेंमी उतरायला किती सेकंद लागतात ते मोबाइलच्या घड्याळावर मोजा. २ मीटरच्या विहिरीत ३० सेंमी म्हणजे ९४२ लिटर, ६.५ लिटरच्या पंपाला १४५ सेकंद लागायला हवेत. तीन मिनिटं लागली तर पंप सव्वापाच लिटरच देतो आहे: बसलेला नाही, उलटा फिरतोय, किंवा कुठला वाल्व्ह अर्धवट उघडा आहे. दोन्ही पंपांची वेगवेगळी चाचणी घ्या.

पुढं रोज दोन्ही पंपांचे चाललेले तास वहीत लिहायचे. पूर्ण वस्तीला मिळून साडेपाच तासांच्या आसपास भरतात. घरं तेवढीच असताना तास वाढू लागले, की हीच चाचणी पुन्हा. दर वर्षी मे महिन्यात दोन्ही पंप वर काढून तेल, सील, चेनच्या कड्या आणि मेगर टेस्ट, म्हणजे मोटरच्या इन्सुलेशनची तपासणी. आठवड्याला फ्लोट वर ओढून त्यावरचा चरबीचा थर धुवायचा. तो थर वाढला की फ्लोट जड होतो आणि पाणी चढलं तरी उलटत नाही.

पहिल्या दिवशीचे सेकंद आणि अँपिअर पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटनं लिहून ठेवा. पंप १, पंप २, तारीख. कागद हरवतो, ते दार तिथेच राहतं.